क्लेम चालू असताना ‘माझं चुकलं’ म्हणावं का?

पत्र:

वकीलसाहेब, मी सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी शिक्षिका आहे. जानेवारीत सकाळच्या शाळेला जाताना बाजाराच्या वळणावर माझ्या स्कूटरची धडक भाजी विकणाऱ्या एका मावशींना बसली. वय बासष्ट. ऊन समोरून डोळ्यांवर येत होतं, त्याही डोक्यावर पाटी घेऊन रस्ता ओलांडत होत्या. मीच त्यांना रिक्षात घालून दवाखान्यात नेलं, तिथून मिरजेला हलवलं. खुब्याचं हाड मोडलं होतं, ऑपरेशन झालं. दवाखान्यात मी त्यांचा हात धरून “मावशी, चुकलं हो माझं” असं म्हणाले. त्यांचा मुलगा शेजारीच उभा होता.

संध्याकाळी माझे दीर आणि विम्याचे एजंट घरी आले. म्हणाले, आता तोंड उघडायचं नाही, त्यांच्या दारात जायचं नाही, माफी मागितली म्हणजे गुन्हा कबूल केला. पोलिसांत माझ्यावर केस आहेच. दोन महिने मी गेले नाही. शाळेचा रस्तासुद्धा बदलला, कारण मावशींच्या जागी आता त्यांची सून बसते. गेल्या आठवड्यात बारा लाखांच्या क्लेमची नोटीस आली. दीर म्हणतात, “बघ, तुझ्या त्या ‘चुकलं’मुळेच.” टोरांटोची मावसबहीण म्हणते, तिकडे ‘सॉरी’ म्हटलेलं कोर्टात धरत नाहीत, तसा कायदाच आहे. आपल्याकडे आहे का? आता जाऊन माफी मागितली तर काय होईल? गाडी मिस्टरांच्या नावावर आहे. लायसन्स, विमा, दोन्ही चालू आहेत.

— एक शिक्षिका

उत्तर:

ताई,

दिरांचं वाक्य आधी बाजूला काढतो. क्लेम आला तो खुब्याचं हाड मोडलं म्हणून. दवाखान्यात तुम्ही मूग गिळून बसला असता तरी तो आलाच असता, आणि यायलाच हवा होता. ऑपरेशनचं बिल आणि बुडालेला धंदा भरून काढायचा मावशींकडे तेवढाच रस्ता आहे. नोटीस पुन्हा एकदा नीट बघा. मिस्टरांचं नाव, तुमचं नाव आणि विमा कंपनीचं नाव एकाखाली एक असेल. जाबदेणार, म्हणजे ज्यांच्याविरुद्ध दावा आहे ते, नंबर एक, दोन, तीन. घाम दोन नंबरला फुटलाय, पैसे तीन नंबरनं द्यायचे आहेत.

मी तीसेक वर्षं हेच दावे चालवले. निम्मे जखमींच्या बाजूनं, निम्मे कंपन्यांच्या. त्यामुळे दोन्हीकडच्या भीती मला ठाऊक आहेत.

बारा लाखांनी झोप उडवून घेऊ नका. अर्जात आकडा मोठाच टाकतात. मंजूर होणाऱ्या रकमेचा हिशेब वेगळा असतो, आणि तो कसा करायचा हे सुप्रीम कोर्टानं घालून दिलंय. २००९ च्या सरला वर्मा निकालात वयाप्रमाणे गुणक ठरले, म्हणजे वर्षाचं नुकसान कितीनं गुणायचं ते आकडे. एकसष्ट ते पासष्ट वयाला गुणक सात. समजा, मावशींची कमाई महिन्याला दहा हजार धरली आणि त्यांची काम करायची ताकद तीस टक्के गेली असं ठरलं, तर वर्षाला छत्तीस हजार, गुणिले सात, म्हणजे दोन लाख बावन्न हजार. त्यावर दवाखान्याची बिलं, औषधं, जाण्यायेण्याचा खर्च, घरच्यांनी केलेल्या सेवेचे पैसे, सोसलेल्या वेदनेची रक्कम. ‘ताकद गेली’ यातला बारकावा लक्षात घ्या. डॉक्टरांच्या दाखल्यावर वीस टक्के लिहिलेलं असेल, पण खुब्यात प्लेट बसलेल्या बाईला खाली मांडी घालून बसता येत नाही, पाटी डोक्यावर घेऊन उठता येत नाही. कारकुनाचे वीस टक्के निराळे, भाजीवालीचे निराळे. राजकुमार विरुद्ध अजय कुमार या निकालात सुप्रीम कोर्टानं नेमकं हेच सांगितलंय: दाखल्यावरचा आकडा जसाच्या तसा उचलू नका, त्या माणसाच्या पोटापाण्यावर काय परिणाम झाला ते पाहा.

आता या हिशेबात ‘चुकलं हो माझं’ कुठं बसतं? मी आजवर पाहिलेल्या दाव्यांत एफआयआर असते, घटनास्थळाचा पंचनामा असतो, आरटीओचा गाडी तपासणीचा अहवाल, डिस्चार्ज कार्ड, बिलांची चळत, एक्सरे, अपंगत्वाचा दाखला असतो. प्रत्येकाला निशाणी क्रमांक, म्हणजे पुरावा म्हणून कोर्टाचा नंबर, पडतो. माफीला निशाणी पडलेली मी एकदाच पाहिली, तीही कुणीतरी चिठ्ठी लिहून दिली होती म्हणून, आणि निकालात न्यायाधीशांनी तिचा उल्लेखही केला नाही. पंचनाम्यात गाडी कुठं पडली, काचा कुठं सांडल्या, रस्ता किती रुंद, एवढ्यावर बहुतेक दाव्यांत चूक कुणाची ते ठरून जातं. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ खाली गंभीर दुखापतीला अडीच लाख रुपये चूक सिद्ध न करताच मागता येतात. तिथे तर तुम्ही काय बोललात याला काडीची किंमत नाही. मावशींच्या वकिलानं आकड्यावरून दिसतं तसा कलम १६६ चा रस्ता धरलाय. तिथे चूक दाखवावी लागते, पण ‘हे घडण्याची शक्यता जास्त’ इतपतच. खुनाच्या खटल्यासारखा संशयातीत पुरावा तिथे मागत नाहीत.

याचा अर्थ तुमच्या शब्दांना अजिबात वजन नाही असं मी म्हणणार नाही. पक्षकारानं स्वतःविरुद्ध जाईल असं काही म्हटलं तर ते ‘कबुली’ म्हणून पुराव्यात येऊ शकतं. जुन्या पुरावा कायद्यात तसं होतं, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही आहे. मुलगा साक्षीत सांगू शकतो की बाई असं म्हणाल्या. पण तोच कायदा कलम २५ मध्ये म्हणतो की कबुली हा निर्णायक पुरावा नाही. रक्त बघून घाबरलेल्या बाईनं म्हातारीचा हात धरून काढलेले चार शब्द आणि गाडीचा वेग, ब्रेक, अंतर सांगणारं निवेदन, यांतला फरक न्यायाधीशांना कळतो. तीही माणसं गाडी चालवतात.

खरी काळजी घ्यायची ती पोलीस केसची. तुमच्यावर भारतीय न्याय संहितेचं कलम २८१ आणि १२५(ब) लावलं असणार: बेदरकारपणे गाडी चालवणं आणि त्यातून गंभीर दुखापत. ती केस तुमची एकटीची आहे, विमा कंपनी त्यात तुमच्या शेजारी उभी राहत नाही. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब तुमच्याविरुद्ध वापरता येत नाही, हे तुम्ही सिनेमात ऐकलंच असेल. मावशींपुढे किंवा त्यांच्या मुलापुढे बोललेल्याला मात्र ते संरक्षण नाही. अशा बाहेरच्या कबुलीला कोर्ट कमकुवत पुरावा मानतं, तरी ती वाऱ्यावर उडून जात नाही. म्हणून मावशींकडे जाण्याआधी ती केस बघणाऱ्या वकिलाला एक फोन करा आणि जाणार आहात एवढं सांगा. परवानगी मागायला नको, माहिती असू दे. याच केसची दुसरी बाजू दिरांना ठाऊक नसावी. १२५(ब) ची केस कोर्टाच्या परवानगीनं मिटवता येते, आणि मिटवायला संमती लागते ती जखमी माणसाची. २८१ तशी मिटत नाही, पण दंडाची हद्द एक हजार रुपये आहे आणि मोठं कलम गेल्यावर ती केस बरीच हलकी होते. ज्यांच्या दारात जाऊ नका म्हणून तुम्हाला सांगितलंय, त्यांचीच सही एक दिवस तुम्हाला लागणार आहे. सहीसाठी जा असं मी म्हणत नाही. बंदी घालणाऱ्यांनी हिशेब अर्धाच मांडलाय, एवढंच.

ही बंदी येते कुठून? पॉलिसीच्या मागच्या पानांवर बारीक अक्षरांत अटी असतात. त्यांत एक अट अशी की कंपनीच्या लेखी संमतीशिवाय विमेदारानं किंवा त्याच्या वतीनं कुणीही जबाबदारीची कबुली, पैशाचं वचन, रक्कम वगैरे काही देऊ नये. एजंटानं ती अट कधीतरी ऐकली आणि तिचं ‘तोंड उघडू नका’ करून टाकलं. अटीचा हेतू साधा आहे: उद्या तुम्ही पंधरा लाख कबूल कराल आणि बिल कंपनीला पाठवाल. तर ते करू नका. ‘सगळा खर्च आमच्याकडे लागला’ असं लिहून देऊ नका, तोंडानंही म्हणू नका. पण मावशींना बघायला गेलात म्हणून कंपनी त्यांचे पैसे नाकारू शकत नाही. तिसऱ्या माणसाचे पैसे नाकारायची कारणं कायद्यानं मोजून दिलेली आहेत, लायसन्स नसणं, पॉलिसी खोट्या माहितीवर घेतलेली असणं अशी. विचारपूस त्यांत नाही. लायसन्स नसतं तर गोष्ट वेगळी होती: तशा वेळी पुष्कळदा कंपनीला आधी पैसे भरायला लावतात आणि मग मालकाकडून वसूल करायची मुभा देतात. तुमचं तसं नाही. एक मात्र तपासा. कलम १३४ प्रमाणे ड्रायव्हरनं विमा कंपनीला अपघाताची लेखी खबर द्यायची असते: पॉलिसी नंबर, तारीख, वेळ, जागा, कोण जखमी. एजंट घरी चहा पिऊन गेला म्हणजे खबर दिली असं होत नाही. दिली नसेल तर आजच्या आज द्या आणि पोच घ्या.

त्याच कलमात लिहिलंय की ड्रायव्हरनं जखमीला दवाखान्यात पोचवण्याची व्यवस्था करायची. तुम्ही ते केलंत. घरातल्या कुणीतरी तुम्हाला ‘थांबलीस कशाला’ असंही ऐकवलं असेल, ऐकवतातच. त्यांना हे सांगा: धडक देऊन पळालेल्या गाडीचा नंबर सापडला नाही तर गंभीर जखमीला सरकारी योजनेतून पन्नास हजार मिळतात. बस, तेवढेच. तुम्ही थांबलात म्हणून मावशींच्या अर्जात गाडीचा नंबर आहे आणि तीन नंबरला विमा कंपनी आहे.

आता टोरांटोच्या बहिणीकडे वळू. ती बरोबर सांगते. ओंटारियोमध्ये २००९ पासून माफीचा स्वतंत्र कायदा आहे. माफीत चूक कबूल केलेली असली तरी दिवाणी दाव्यात ती पुरावा म्हणून येत नाही. त्याआधी २००६ मध्ये ब्रिटिश कोलंबियानं तसा कायदा केला. त्याच वर्षी इंग्लंडच्या कायद्यात एक छोटं कलम आलं की नुसती माफी म्हणजे निष्काळजीपणाची कबुली नव्हे. आशियात पहिला नंबर हाँगकाँगचा, २०१७ सालचा. आपल्याकडे असा कायदा नाही. सुरुवात मात्र अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्समध्ये, १९८६ साली झाली, आणि ती हकीकत तुमच्या पत्राच्या फार जवळची आहे. सत्तरच्या दशकात तिथल्या एका राज्य सिनेटरची मुलगी सायकलवर असताना गाडीखाली सापडून गेली. ड्रायव्हर कधीच भेटायला आला नाही, एक शब्द बोलला नाही. बाप संतापला, तेव्हा त्याला सांगण्यात आलं की बिचारा बोलणार कसा, बोलला तर कोर्टात ती कबुली ठरेल. त्या बापानं मग सहानुभूतीचे शब्द पुराव्यात येऊ नयेत यासाठी कायदा करून घेण्याची खटपट केली. मला यात विशेष वाटतं ते हे, की कायदा ड्रायव्हरांनी मागितला नाही. ज्याची मुलगी गेली त्यानं मागितला.

पण या परदेशी कायद्यांतही एक गोम आहे. काही ठिकाणी, उदाहरणार्थ कॅलिफोर्नियात, ‘तुम्हाला लागलं याचं वाईट वाटतं’ याला संरक्षण आहे, ‘चूक माझी होती’ याला नाही. त्यामुळे तिकडचे वकील अशिलांना मधलं काहीतरी गुळमुळीत बोलायला शिकवतात. जेनिफर रॉबेनॉल्ट नावाच्या कायद्याच्या प्राध्यापक आहेत. त्यांनी २००३ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना सांगितलं, समजा तुम्ही चालत होतात आणि सायकलवाल्यानं तुम्हाला पाडलं, आता तो भरपाई देऊ करतोय, घ्याल का? माफीच नव्हती तिथे ५२ टक्के लोक तडजोडीला तयार झाले. चूक मान्य करून माफी मागितली तिथे ७३ टक्के. आणि ‘तुम्हाला लागलं, वाईट वाटलं, लवकर बरे व्हा’ एवढंच म्हटलं तिथे ३५ टक्के. म्हणजे काहीच न बोलण्यापेक्षाही वाईट.

इंग्रजीत हा घोळ होतो, कारण त्यांचा ‘सॉरी’ दोन्हीकडे चालतो. मयताला जाऊनही सॉरी आणि पाय तुडवला तरी सॉरी. आपल्याकडे शब्द आधीच वेगळे आहेत. ‘फार लागलं का हो’ ही विचारपूस. ‘वाईट वाटलं’ ही हळहळ. ‘खेद’ आणि ‘दिलगिरी’ वर्तमानपत्रातल्या चौकटीसाठी, घरात कुणी दिलगिरी व्यक्त करत नाही. आणि ‘चुकलं’ म्हणजे चुकलं. आमच्या भागातले जैन अशील पर्युषण संपल्यावर कोर्टात येऊन आम्हा वकिलांचीच काय, समोरच्या पार्टीचीही ‘उत्तम क्षमा’ म्हणून क्षमा मागून जायचे आणि साडेअकराला त्याच पार्टीविरुद्ध केस चालवायचे. कुणाचाही दावा त्यामुळे बुडाला नाही.

तुम्हाला दोन प्रसंग सांगतो. माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून गावं गाळतो.

एका लोकअदालतीत मी कंपनीकडून होतो. उसाच्या ट्रॅक्टरनं एका आजोबांचा पाय गुडघ्याखाली नेला होता. आकडा दहा मिनिटांत ठरला. तडजोडीची पुरशीस, म्हणजे कोर्टात द्यायचा लेखी कागद, टाइप होऊन आली. कारकुनानं आजोबांचा अंगठा शाईच्या पॅडवर टेकवून कागदाकडे नेला, तर त्यांनी हात मागे घेतला. “त्यो कुठाय?” म्हणाले. कोण? “टॅक्टरवाला.” पोरगा बाहेर चहाच्या गाड्यावर उभा होता. चार वर्षं प्रत्येक तारखेला येत होता आणि त्याच्या वकिलानं सांगितल्याप्रमाणे आजोबांची नजर चुकवत होता. त्याला आत आणलं. त्यानं डोक्यावरची टोपी काढली, हातात चुरगळली, “आजा, त्या दिवशी...” म्हणाला आणि त्याचं वाक्य काही पुढं गेलं नाही. आजोबा म्हणाले, “चार वर्सं लागली व्हय रं यायला?” अंगठ्यावरची शाई तोवर सुकली होती. पुन्हा पॅडवर टेकवावा लागला. रकमेत एका रुपयाचा फरक पडला नाही, मीच बोलणी केली होती.

दुसरा प्रसंग मी जखमीच्या बाजूनं असतानाचा. मोटारवाला चार प्रतिष्ठित माणसं घेऊन आला, पेढ्यांचा बॉक्स आणला, खाली वाकून पाया पडला, चुकलंमाकलं माफ करा म्हणाला. मग बरोबरच्या एकानं खिशातून स्टॅम्प पेपर काढला. त्यावर सगळं टाइप केलेलं: अपघात आमच्याच चुकीनं झाला, काही तक्रार नाही, क्लेम करणार नाही. प्लॅस्टरमधल्या नवऱ्याच्या शेजारी बसलेली बाई शिकलेली नव्हती. तिनं विचारलं, ह्ये काय लिव्हलंय? वाचून दाखवल्यावर तिनं पेढ्यांचा बॉक्स उचलून त्या माणसाच्या मांडीवर ठेवला आणि आत निघून गेली. ते मिटायला पुढं सहा वर्षं लागली.

तर तुम्ही काय करावं? जा. माझं मत स्पष्ट आहे. पण कशाची माफी मागायला जाताय ते आधी स्वतःशी ठरवा, कारण तुमच्या पत्रात दोन गोष्टी एकत्र गुंतल्यात.

पहिली, अपघात. त्यात तुमची चूक किती, उन्हाची किती, पाटीमुळे मावशींना दिसलं नाही याची किती, हे तुम्हालाच पक्कं सांगता येत नाहीये. आणि ही आकडेमोड मावशींच्या पैशांशी बांधलेली आहे. त्यांचा स्वतःचा वीस-पंचवीस टक्के दोष निघाला तर तेवढी रक्कम कापली जाते. म्हणून या भागात जे आठवतं तेवढंच बोला, अंदाज बांधू नका. ‘वेगात होते’ हेही नको, ‘तुम्हीच अचानक आलात’ हेही नको. मावशींची दया येऊन गोष्ट त्यांच्या बाजूला झुकवू नका. कंपनीचा वकील ‘दोघी सामील आहेत’ असा आरोप करायला टपलेला असतो, मीच कितीदा केलाय. घरच्यांचं ऐकून ती त्यांच्यावर ढकलूही नका. साक्षीला बोलावलं तर तिथे जे सांगाल तेच इथेही, त्यापेक्षा एक शब्द कमी चालेल, वेगळा चालणार नाही.

दुसरी गोष्ट, दोन महिने. यात ऊन नाही, वळण नाही, पंचनामा नाही. ज्या बाईला तुम्ही रिक्षात मांडीवर घेऊन नेलंत, तिच्याकडे तुम्ही पुन्हा फिरकला नाहीत आणि तिच्या सुनेला टाळायला रस्ता बदललात. ही शंभर टक्के तुमची चूक आहे, आणि ती कुठल्याच कोर्टात कुठल्याच कलमाखाली येत नाही. हिची माफी पोटभर मागा. माझ्या अनुभवात जखमी माणसाच्या मनात धडकेपेक्षा हेच जास्त सलत असतं. हाड तीन महिन्यांत जुळतं.

एकट्या जा, फार तर आईला किंवा सासूबाईंना घेऊन. दीर नकोत, एजंट तर नकोच. दुपारी जेवणं उरकल्यावर जा, तेव्हा घरात गर्दी कमी असते आणि मुलगा बहुधा कामावर असतो. फोन पिशवीत ठेवा. त्यांच्याकडून कुणी व्हिडिओ काढला तर अडवू नका, लपवण्यासारखं काही बोलायचंच नाहीये. फळं न्या, पेढे नकोत, पेढे आनंदाचे. पाकीट तर अजिबात नको. बाहेर बाकड्यावर नाही, खाटेशेजारी खाली बसा. आणि मग म्हणा, तुमच्याच शब्दांत, पण साधारण असं: “मावशी, गाडी माझी होती. तुम्हाला एवढं सोसावं लागलं. आणि मी दोन महिने आले नाही, भ्याले, ते माझं चुकलं.” इथं थांबा. ‘माफ केलं म्हणा ना’ असं मागे लागू नका. दुखणं त्यांचं, वर तुमचं समाधान करण्याचं कामही त्यांनाच लावू नका. त्या रडतील, गप्प बसतील, “आता कशाला आलीस?” म्हणतील. मुलगा घरी असला तर ओरडेल. ऐकून घ्या.

क्लेमचा विषय तुम्ही काढू नका. त्यांनी काढला तर एकच वाक्य: “क्लेम चालू ठेवा, तो तुमचा हक्क आहे. पॉलिसीचे कागद लागले तर मी देते.” हे वाक्य बोलताना तुम्हाला वाटेल आपण आपल्याच पायावर धोंडा मारून घेतोय. तसं काही नाही. लायसन्स, विमा चालू आहेत तोवर मावशींना चांगली रक्कम मिळाली तर तुमच्या घरातून काही जात नाही. उलट कुणी मधला माणूस ‘कोर्टाबाहेर दोन लाखांत मिटवून टाकू’ म्हणाला तर तुम्हीच नको म्हणा. त्यात त्यांचं नुकसान, आणि पॉलिसीची अट मोडल्यामुळे तुमचंही. मिटवायचंच असेल तर लोकअदालतीत कंपनीच्या वकिलासमोर मिटू दे. तिथल्या निवाड्यावर अपील नसतं, आणि तडजोडीच्या बोलण्यात जे बोललात ते फिसकटल्यावर पुराव्यात येत नाही, तशी अट आधी घातली तर. ती घालायला वकिलाला सांगा.

एकदा जाऊन आलात की महिना-पंधरा दिवसांनी पुन्हा जा. पहिल्या भेटीत त्यांना तुमच्या येण्याचा संशय येईल, तारीख जवळ आलीय म्हणून आली असं वाटेल. दुसऱ्या वेळी कमी वाटेल. दिरांना हे पत्र वाचायला द्यायचं की नाही ते तुम्ही ठरवा, ते तुमच्या भल्याचंच बोलत होते.

आणि शाळेला जाताना उद्यापासून जुनाच रस्ता धरा. सूनबाईंकडून कोथिंबीर, मेथी, रोजचं जे लागतं ते घ्या. सुटे पैसे जवळ ठेवा, म्हणजे ‘राहू दे उरलेले’ म्हणायची वेळ येणार नाही.